दोन्ही कान दिसले पाहिजेत

टीव्हीच्या पडद्यावर माणूस डोक्याशिवाय दिसला की पासपोर्टकाकांच्या हातातला घास हातातच राहायचा. इथे मारामारीच्या सिनेमांची गोष्ट चाललेली नाही. काकांची लेक टीव्हीवर स्केटबोर्डच्या स्पर्धा बघायची आणि त्या स्पर्धा दाखवणारा इसम, कोण जाणे कुठल्या वैरापोटी, खेळाडूंची डोकी कापत होता. पडद्यावर दोन बूट, बुटांखाली फळी, फळीखाली चार चाकं. फार दया आली तर गुडघे. जो माणूस हाडं मोडून घेऊन हा खेळ शिकला, त्याला नाक आहे की नाही हे कळायचीसुद्धा प्रेक्षकांना सोय नव्हती.

आता पासपोर्टकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बाजाराच्या तोंडाशी त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि गेली एकतीस वर्षं ते माणसांचा फक्त खांद्यापासून वरचा भाग काढत होते. पासपोर्ट, परवाने, परीक्षेचे अर्ज, वाचनालयाची ओळखपत्रं. चेहरा मधोमध, मागे पांढरं, हनुवटी सरळ आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत, या चार नियमांवर त्यांचा संसार उभा होता. गावातल्या निम्म्या माणसांना ते नावाने ओळखत नसत, पण कानांवरून बरोबर ओळखत.

"हा कॅमेरावाला झोपलाय का?" एकदा न राहवून त्यांनी विचारलं.

"हो," लेक पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "जमिनीवर आडवा होऊनच काढतो तो. पाय बघायचे असतात बाबा. कुठला पाय पुढे आहे, फळी कशी फिरली, चाकं आधी टेकली की बूट. तोंड बघून काय करायचंय?"

तोंड बघून काय करायचंय! एकतीस वर्षं तोंडांवर जगलेल्या माणसाला हे त्याच्याच घरात, त्याच्याच लेकीने ऐकवावं! काका रुसले. पण त्यांचा रुसवा अर्धा तास टिकायचा आणि कुतूहल महिनाभर. दुसऱ्या दिवशी ते वही घेऊनच टीव्हीसमोर बसले. पडणारा माणूस तीनदा दाखवतात आणि न पडणारा एकदाच, हे का? उडी संथ गतीने दाखवली की सोपी वाटते, मग लोक टाळ्या कशाला वाजवतात? गुणांचा आकडा यायच्या आधी खेळाडूच्या नातेवाइकांची तोंडं दाखवतात, तेव्हा कॅमेरावाल्याला नातेवाईक कसे ओळखू येतात? लेक उत्तरं देऊन थकली. काकांचे प्रश्न संपले नाहीत. पंधरवड्यात ते भाजी आणायला जाताना रस्त्यावरच्या प्रत्येक पायरीकडे संशयाने बघू लागले.

अशात गावच्या क्रीडासंकुलात खरोखरची व्यावसायिक स्पर्धा भरायची ठरली. बाहेरचे नामवंत खेळाडू, खेळवाहिनीवर थेट प्रक्षेपण आणि स्थानिक खेळाडूंसाठी पात्रता फेरीत चार जागा. त्यातली एक काकांच्या लेकीला मिळाली. पात्रता फेरीतून आठ जणी अंतिम फेरीत जाणार होत्या. सहा वर्षं तिने कोपरं सोलून घेतली होती ती या आठांत बसण्यासाठी. घरात आनंदीआनंद झाला, आणि रात्रीच्या जेवणाला लेकीने अट घातली.

"बाबा, तुम्ही यायचं नाही. तुम्ही समोर असलात की माझे हात कानावर जातात."

काकांची मान खाली गेली, कारण ते खरं होतं. लेक चार वर्षांची असताना शाळेच्या प्रवेशअर्जासाठी त्यांनी तिला स्टुडिओतल्या उंच स्टुलावर बसवलं होतं. "हनुवटी वर, श्वास रोखा, हलू नका!" असं ते गरजले, जुना फ्लॅश फट्टदिशी उडाला आणि पोरीने दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. सोळा फोटो कान झाकल्यामुळे बाद. सतराव्याला ती पेंगली म्हणून जमला. तेव्हापासून पोरीने विजेला भ्यायचं सोडलं, कुत्र्याला भ्यायचं सोडलं, सात पायऱ्यांवरून उडी मारायला लागली. पण उडी मारताना बाप समोर दिसला की दोन्ही हात थेट कानांवर. या खेळात हात पसरून तोल सावरायचा असतो. तिच्या प्रशिक्षकांनी हात टेकले होते.

"तुम्ही स्क्रीनवर बघा," लेक म्हणाली. "वचन द्या."

काकांनी वचन दिलं आणि मनापासून दिलं. पण चार दिवसांनी प्रक्षेपणाच्या दिग्दर्शक बाई आपल्या माणसांचे पासचे फोटो काढून घ्यायला नेमक्या त्यांच्याच स्टुडिओत आल्या. बाई घाईत होत्या आणि वैतागलेल्या होत्या. त्यांच्या तीन नंबरच्या कॅमेरावाल्याची सरावाच्या वेळी मान आखडली होती.

"तुम्ही व्हिडिओ काढता का हो?" बाईंनी भिंतीवरचे फोटो बघत विचारलं.

"लग्नांचे काढलेत पुष्कळ."

"पळत पळत काढता येईल?"

"एकदा नवरदेव पळाला होता, तेव्हा काढलं होतं," काका म्हणाले. हे खरं होतं. नवरदेव सापडला तो त्या व्हिडिओमुळेच.

बाईंनी त्यांना तिथल्या तिथे नेमून टाकलं. घरी मात्र काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कपाळाला हात लावला. "अहो, वचन दिलंयत ना तिला?"

"स्क्रीनवर बघीन असं वचन दिलंय. कॅमेऱ्याला साडेतीन इंची स्क्रीन असते. मी त्यातच बघणार. किती इंची स्क्रीन, हे तिने सांगितलं नव्हतं."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली की बायका वाद घालत नाहीत, नोंद ठेवतात.

काम गुपचूप करायचं होतं, म्हणून संध्याकाळपर्यंत ते सगळ्या इमारतीला कळलं. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी गुडघ्यांना कापूस बांधायचा सल्ला दिला. वरच्या मावशींनी छत्री न्यायला सांगितली, कशासाठी ते सांगितलं नाही. आणि समोरच्या दारातले निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "सराव, सराव हवा! अभ्यासाशिवाय परीक्षेला बसणारा मुलगा मी उभ्या आयुष्यात पास होताना पाहिला नाही. फळीवर मी उभा राहतो. तुम्ही काढा."

हेडमास्तरांचं वय अडुसष्ट. काकांनी नको नको म्हटलं, अगदी दोनदा. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत हेडमास्तर लेकीच्या जुन्या फळीवर चढून इमारतीच्या दारातल्या उतारावरून निघालेसुद्धा होते. काका कॅमेरा घेऊन बाजूने पळाले. उतार संपला तिथे दंतवैद्यांच्या पाटीचा खांब होता. हेडमास्तरांनी त्याला मिठी मारली आणि पाटीसकट हळूहळू खाली बसले.

कुणाला फार लागलं नाही. रात्री सगळे काकांच्या घरी चित्रण बघायला जमले, लेक सरावाला गेल्याची खात्री करूनच. चित्रणात फळी नव्हती, चाकं नव्हती, पाय नव्हते, खांबही नव्हता. होता फक्त हेडमास्तरांचा चेहरा, मधोमध, सुरुवातीपासून मिठीपर्यंत तसूभरही न हललेला.

"अहो, तुम्हाला पाय काढायचे होते ना?" दंतवैद्यांनी विचारलं. त्यांचा एक डोळा खिडकीतून दिसणाऱ्या वाकड्या पाटीवर होता.

"मी पायच काढत होतो," काका चकित होऊन म्हणाले. "हात आपोआप वर गेले."

हेडमास्तर मात्र हरखून गेले होते. "काय सुरेख आलोय! निवृत्तीच्या समारंभातसुद्धा माझा असा फोटो नव्हता कुणी काढला. कान बघा, दोन्ही!"

दुसऱ्या दिवशी काका पास काढायला संकुलाच्या कचेरीत गेले. अर्ज भरला, सही केली, आणि खिडकीतल्या कारकुनाने चार फोटो मागितले. एकतीस वर्षांत गावाचे फोटो काढता काढता त्यांनी स्वतःचा एकही काढलेला नव्हता. ते धावत स्टुडिओत गेले, कॅमेऱ्याला दहा सेकंदांचा वेळ लावला आणि स्टुलाकडे पळाले. पहिला फोटो रिकाम्या स्टुलाचा आला. दुसरा पाठीचा. तिसऱ्यात ते बसलेले होते, पण स्टूल पडत होतं. चौथा त्यातल्या त्यात बरा, तो घेऊन ते घामाघूम होऊन परत खिडकीशी आले.

कारकुनाने फोटो डोळ्यांजवळ नेला. "चालणार नाही. डावा कान दिसत नाही."

"अहो, आहे तो! सावलीत गेलाय एवढंच."

"काका, नियम म्हणजे नियम." कारकुनाने काचेला आतून चिकटवलेल्या छापील कार्डावर बोट ठेवलं. चेहरा मधोमध, मागे पांढरं, हनुवटी सरळ, दोन्ही कान दिसले पाहिजेत. कार्डाच्या तळाशी काकांच्याच स्टुडिओचा शिक्का होता. अशी शंभर कार्डं त्यांनी आठ वर्षांपूर्वी गावातल्या कचेऱ्यांना मोठ्या हौसेने फुकट वाटली होती.

शेवटी जे व्हायला नको होतं ते झालं. काकांना चौकातल्या दुसऱ्या स्टुडिओत जावं लागलं. ज्याच्याशी बावीस वर्षं फक्त मान हलवण्यापुरते संबंध होते, त्या फोटोग्राफरने एक अक्षर न बोलता त्यांना स्टुलावर बसवलं, त्यांची हनुवटी दोन बोटांनी उचलली आणि ओरडला, "हलू नका!" फट्टदिशी उजेड पडला. काका स्टुलावर चक्क दचकले. लेन्सच्या या बाजूला एवढं भयंकर वाटतं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. चार वर्षांच्या पोरीला आपण सतरा वेळा हे केलं, असं मनात येऊन ते डोळे पुसू लागले. त्यामुळे दुसरा फोटोही घ्यावा लागला.

स्पर्धेच्या सकाळी काका टोपी डोळ्यांपर्यंत ओढून मैदानात पोचले. काय काय बघू आणि काय नको असं त्यांना झालं. टीव्हीवर जे सगळं एका दमात घडतं, ते इथे तुकड्यातुकड्यांत सांडलेलं होतं. एका बंद गाडीत बारा छोटे पडदे आणि त्यांच्यासमोर दिग्दर्शक बाई. पाच पंच एका बाजूच्या मांडवात. त्यांनी दिलेले आकडे एका मुलीकडे जायचे, ती ते टंकायची, मग पडद्यावर यायचे. म्हणजे ज्या आकड्यासाठी लोक श्वास रोखून बसतात तो आकडा त्या मुलीला आधी ठाऊक असायचा, आणि ती निवांत बिस्किट खात होती! पहिला कॅमेरा पायऱ्यांच्या वर, दुसरा मैदानाच्या पलीकडे उंच मचाणावर आणि तिसरा, काकांचा, पायऱ्यांच्या पायथ्याशी अगदी समोर. कानावर हेडफोन चढवला तेव्हा काकांना विमान चालवायला बसल्यासारखं वाटलं.

हे सुख साडेतीन मिनिटं टिकलं.

"तीन, खाली," हेडफोनमधून बाईंचा आवाज आला. "तीन, पाय. तीन नंबर, पाय दाखवा! तीन, मला तिच्या भुवया नकोत!"

"हो हो," काका म्हणायचे आणि कॅमेरा खाली न्यायचे. खेळाडू पायऱ्यांवरून झेपावली की त्यांचे हात एकतीस वर्षांच्या सवयीने वर जायचे आणि पडद्याच्या मधोमध चेहरा येऊन बसायचा. दुपारपर्यंत त्यांनी जगातल्या नामवंत खेळाडूंचे एकवीस उत्तम पासपोर्ट फोटो काढले. त्यातले बरेचसे शिरस्त्राण घातल्यामुळे तसेही बादच झाले असते. तीन नंबरचं चित्र वापरायचं नाही, असं बाईंनी जाहीर केलं. काकांनी ते हेडफोनमधून ऐकलं आणि सगळ्या मैदानाने ऐकल्यासारखे ते लाल झाले.

लेकीचे दोन प्रयत्न झाले. टोपीमुळे तिने बापाला ओळखलं नाही. एक जमला, एक हुकला. फलकावर ती नववी होती आणि आता शेवटचा प्रयत्न होता. आठवं व्हायचं तर सात पायऱ्यांवरून उडी, हवेत फळीची एक पूर्ण गिरकी आणि पुन्हा तिच्यावर उतरणं, तेही जमिनीला हात न लावता. हात लागला की प्रयत्न बाद.

लेक वर उभी राहिली. साडेतीन इंचांत तिचा चेहरा काकांना दिसला. ओठ आवळलेले, कपाळावर घाम. पोरगी भ्यालेली होती. आपण इथे आहोत आणि तिला ते माहीत नाही, याचं काकांना इतकं वाईट वाटलं की डोळ्यांसमोरची स्क्रीन धूसर झाली. तिने फळीला पाय मारला. चाकांचा आवाज जवळ आला, ती पायऱ्यांच्या काठावर पोचली, आणि काकांच्या तोंडून एकतीस वर्षांची सवय मैदानभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात बाहेर पडली:

"हनुवटी वर, श्वास रोखा, हलू नका!"

लेक हवेत होती. फळी तिच्या पायांखाली गिरकी घेत होती. तिचे दोन्ही हात कानांवर गेले.

ती उतरली, फळीवरच उतरली. पण तोल गेला आणि ती गुडघे मुडपून इतकी खाली गेली की जवळजवळ बसलीच. मग हेलकावे खात कशीबशी उभी राहिली. मैदान ओरडलं. आणि पंचांच्या मांडवात मुख्य पंचांनी हात वर केला.

त्यांच्या बाजूने उजवा हात कानावर दिसत होता. पण डावा? खाली बसताना डावा हात पलीकडून जमिनीला टेकला, असं मुख्य पंचांचं म्हणणं. टेकला नाही, असं दुसऱ्या पंचांचं. बाकी तिघे आपल्याला काही दिसलं नाही म्हणाले. चित्रण मागवण्यात आलं. पहिल्या कॅमेऱ्यात लेक पायऱ्यांच्या काठाखाली गडप झाली होती. दुसऱ्याच्या समोर नेमका जाहिरातीचा झेंडा फडफडत होता.

हेडफोनमध्ये बाईंनी लांब उसासा सोडला. "तीन लावा."

मैदानातल्या मोठ्या पडद्यावर काकांचं चित्रण संथ गतीने लागलं. पाय नव्हते. फळी नव्हती. जमीन तर नव्हतीच. होता लेकीचा चेहरा, घराएवढा, मधोमध. ती वर उडाली, चेहरा मधोमध. ती खाली आली, खाली बसली, वर उठली. चेहरा मधोमध, एक बोटभर इकडचा तिकडे नाही. आणि त्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना, काठावरून उडी घेतल्यापासून पुन्हा उभी राहीपर्यंत, दोन तळहात कानांवर घट्ट दाबलेले. उजवा आणि डावा.

मुख्य पंचांनी ते दोनदा बघितलं. "जमिनीला हात लागायचा तर हात मोकळा हवा," ते शेवटी म्हणाले. "प्रयत्न ग्राह्य. पण असं उतरणं मी आजवर पाहिलेलं नाही." डौलाचे गुण त्यांनी भरपूर कापले. तरी लेक आठवी आली.

पासपोर्टकाका हेडफोन गळ्यात अडकवून उभे राहिले. आता पळून जावं, की बाईंकडे जाऊन माफी मागावी, हे त्यांचं ठरत नव्हतं. तेवढ्यात लेक फळी काखेत मारून समोर आली. टोपी तिने स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावरून उचलली.

"वचन दिलं होतंत बाबा."

"मी स्क्रीनवरच बघत होतो," काका पुटपुटले. आणि मग, ते उत्तर स्वतःलाच लाजिरवाणं वाटून, म्हणाले, "तो फ्लॅश फार वाईट असतो गं. मला परवा कळलं. सतरा वेळा… माझं चुकलं."

लेकीने मोठ्या पडद्याकडे पाहिलं. तिथे अजून तिचं थांबलेलं चित्र होतं, कान दाबलेलं, डोळे विस्फारलेलं. तिला हसू फुटलं ते थांबेचना.

"उद्या या," ती म्हणाली. "समोर बसा, टोपी न घालता. तुम्ही कुठे आहात ते माहीत असलं की बरं. पण एक शब्दसुद्धा नाही!"

बाईंनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. पास परत घेतला आणि त्यावरच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "हा मात्र छान काढलाय. तुम्हीच काढला का?" काकांनी घाईघाईने गळ्यातला हेडफोन काढून त्यांच्या हातात ठेवला. जाता जाता बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, की उद्या एक कॅमेरा नुसता चेहऱ्यांसाठी ठेवून बघायला हरकत नाही.

अंतिम फेरीला काका पहिल्या रांगेत, काकूंच्या शेजारी बसले. तोंडाचा भरवसा नव्हता, म्हणून लेक पायऱ्यांवर आली तसे त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. लेकीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, फळीला पाय मारला, आणि सात पायऱ्यांवरून दोन्ही हात पंखांसारखे पसरून अशी अलगद उतरली की काकांना श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. ती सहावी आली. सगळ्यांपुढे फोटो काढून घेताना तिने बापाला खूण करून बोलावलं आणि कुणीतरी फ्लॅश उडवला. दोघंही दचकली.

त्या थांबलेल्या चित्राची मोठी प्रत बाईंनी पुढे पाठवून दिली. काकांनी ती स्टुडिओच्या दर्शनी काचेत, नियमांच्या कार्डाच्या अगदी शेजारी लावली आहे.

अंतिम फेरीच्या दिवशी घरी परतल्यावर मात्र जिन्यातच हेडमास्तरांनी त्यांना गाठलं. सगळी इमारत त्यांच्याकडे टीव्हीसमोर जमली होती.

"बघितलं का, बघितलं?" काकांनी विचारलं. "काय उतरली!"

"पाय दिसले तिचे. पाय उत्तम होते," हेडमास्तर म्हणाले. "पण गुण यायच्या आधी तुम्हाला दाखवलं की हो! पाच सेकंद! नुसते तुम्ही, पडद्याच्या मधोमध. तोंड हातांनी झाकलेलं, त्यामुळे मावशींनी तुम्हाला ओळखलंच नाही." त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "पण मी ओळखलं. दोन्ही कान स्पष्ट दिसत होते."